जुना ड्रायव्हर उडवून टाका

मागच्या नोव्हेंबरातली, म्हणजे २०२५ ची गोष्ट. तुळशीची लग्नं उरकली होती, म्हणजे माणसांची सुरू झाली होती. अशा दिवसांत संगमनेरहून मामाचा फोन रात्री साडेदहाला आला की समजायचं, कॉम्प्युटर बिघडलाय.

"अरे, स्क्रीनवर रांगोळी आलीय."

मामाचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे व्हिडिओ एडिटिंगला कुणी एडिटिंग म्हणत नाही, मिक्सिंग म्हणतात. दोन व्हीसीआर आणि मधे एक मिक्सर ठेवून कॅसेटवर काम चालायचं, तेव्हापासूनचा शब्द आहे तो. नवीन नगर रोडच्या बाजूला एका गल्लीत मामाचं दुकान आहे. पुढे फोटोंचा काऊंटर, मागे पडद्याआड मिक्सिंगची खोली. त्या खोलीत २०१९ साली मीच पार्ट निवडून दिलेला कॉम्प्युटर. आय५ ९४००एफ प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. सहा वर्षं, वर्षाला पन्नासेक लग्नं, संगमनेरचा उन्हाळा आणि पंख्यात साचलेली धूळ. कार्डाने भरपूर सेवा केली, त्याची काही तक्रार नाही. मामाने व्हॉट्सऍपवर फोटो पाठवला. खरंच रांगोळी होती. हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांच्या उभ्या ओळी. दुसऱ्या दिवशी तीही गेली, स्क्रीन नुसतीच काळी.

प्रोसेसरच्या नावातलं ते शेवटचं 'एफ' इथे नडतं. एफ म्हणजे आतमध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड गेलं की मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावूनही काही दिसत नाही. तेव्हा एफवाला घेतला कारण दीड हजार वाचत होते. दीड हजार वाचवायची आयडिया अर्थातच माझी. :-)

मग मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या, एका हातात चहा धरून, फोनवर सल्ला दिला. तो जसाच्या तसा लिहितो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. "काही विशेष नाही मामा. एएमडीचं आरएक्स ६६०० मिळतं का बघा, त्याच पैशात ८ जीबी मिळेल. नवीन कार्ड बसवून घ्या, जुना ड्रायव्हर उडवून टाका, नवीन टाका. झालं."

दहा सेकंदांचं वाक्य. त्यात "उडवून टाका" म्हणजे काय, हे मी सांगितलं नाही आणि मामाने विचारलं नाही. भाचा इंजिनिअर आहे, एवढं सोपं काय विचारायचं...

शुक्रवारी नाशिकहून कार्ड आलं. दुरुस्तीवाल्या पोराने कार्ड बसवलं. जुन्या एसएमपीएसला लागणारी आठ पिनची वायर नव्हती, म्हणून एसएमपीएसही बदलला. स्क्रीन लागली. आयकॉन बशीएवढे मोठे दिसत होते, पण लागली. ड्रायव्हर टाकल्यावर बारीक होतील असं सांगून पोरगा दुसऱ्या कॉलला गेला. मामा हिशोबाला एकदम चोख माणूस, थांबायला वेळ नव्हता. त्याने सी ड्राइव्ह उघडला, प्रोग्रॅम फाइल्समध्ये गेला, एनव्हिडियाच्या नावाचं फोल्डर शोधलं आणि शिफ्ट डिलीट मारलं. उडवून टाकलं! मग एएमडीचा ड्रायव्हर डाउनलोड करून सेटअप चालू केला. साठ-पासष्ट टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली. मामाने दहा आकडे मोजले. मग त्याला वाटलं नवीन कार्डही गेलं, एकवीस हजार गेले, आणि त्याने पॉवरचं बटण दाबून धरलं.

ज्यांनी ग्राफिक्स ड्रायव्हर टाकलाय त्यांना माहीत असतं, मधेच काही सेकंद स्क्रीन काळी होतेच. जुना ड्रायव्हर खाली उतरतो, नवीन चढतो, तेवढा वेळ पडदा पडतो. मला हे इतकं सवयीचं आहे की सांगायचं सुचलंही नाही. आणि मामाने त्या वेळी मला सहा फोन केले होते. मी रिलीजच्या कॉलवर होतो, मोबाइल सायलेंटवर. रात्री नऊला बघितले.

"राहू दे आता," मामा म्हणाला. आवाज चिडलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "उद्या अकराला पोरगा येतोय. फॉरमॅट मारून देतो म्हणला."

फॉरमॅट! आपल्याकडे कॉम्प्युटरच्या बहात्तर रोगांवर एकच औषध. पोराचीही चूक नाही. एका कॉलचे जे काही तीनशे-चारशे रुपये मिळतात, त्यात त्याने दोन तास डोकं लावून रोग का शोधावा?

"मामा, प्रोजेक्टच्या फायली कुठे आहेत?"

"सगळं डी ला आहे. पोराला सांगितलंय, डी ला हात लावू नको."

"फुटेज डीला. प्रीमियरचे प्रोजेक्ट? ते कुठे सेव्ह करता?"

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "डेस्कटॉपवर."

डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. ही गोष्ट आपल्यातल्या कितीतरी लोकांना माहीत नसते. डोळ्यासमोर दिसतं म्हणजे ते कुठेतरी 'बाहेर' आहे असं वाटतं. चार लग्नांचे प्रोजेक्ट होते तिथे. फुटेज सगळं डीला सुरक्षित, पण कुठला तुकडा कुठे लावला, कुठे कापला, कुठल्या गाण्यावर मंगलाष्टका संपते, ही दहा-बारा रात्रींची मेहनत त्या बारक्या फायलींत. त्यातलं एक लग्न रविवारी संध्याकाळी द्यायचं होतं. नवरामुलगा सोमवारी जर्मनीला परत निघणार होता आणि उरलेले पैसे पेनड्राइव्ह हातात पडल्यावर.

"पोराला येऊ नको म्हणा. मी येतो."

शनिवारी पहाटे वाकडेवाडीहून पहिली एसटी धरली. खिशात पेनड्राइव्ह, त्यात एएमडीचा पूर्ण ड्रायव्हर आणि डीडीयू. चाकण झोपेत गेलं, नारायणगावला चहा, आळेफाट्याला परत झोप. चंदनापुरीचा घाट उतरताना जाग आली तेव्हा मी मनात स्टेपा मोजत होतो.

इथे जरा थांबून मुळात भानगड काय असते ते सांगतो, कारण हे कधी ना कधी तुमच्यावरही येणार आहे.

ड्रायव्हर म्हणजे एखादं प्रोग्रॅमचं फोल्डर नव्हे. ते फोल्डर म्हणजे दुकानाची पाटी, माल मागच्या गोदामात असतो. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने 'ड्रायव्हर स्टोअर' नावाचं असं गोदाम ठेवलंय. विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइल रिपॉझिटरी. कुठलाही ड्रायव्हर टाकला की आधी त्याची पूर्ण प्रत तिथे जमा होते, मग तिथून तो हार्डवेअरला जोडला जातो. कार्ड उपसून काढलं तरी प्रत तिथेच राहते. हा बावळटपणा नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. उद्या तेच कार्ड परत लावलंत तर सीडी शोधत बसायला नको. प्रिंटर काढून दोन महिन्यांनी लावला तरी लगेच चालतो ना, ते ह्याचमुळे.

ह्याखेरीज रजिस्ट्रीत नोंदी असतात. बूट होताना सुरू होणाऱ्या सर्व्हिसेस असतात. मॉनिटरमधून आवाज यावा म्हणून एचडीएमआयचा वेगळा ऑडिओ ड्रायव्हर असतो. फिजएक्स, शेडर कॅशे, झालंच तर एनव्हिडियाचं सेटअप स्वतःला उलगडून सी ड्राइव्हवर जे फोल्डर करतं ते. मामाच्या मशीनवर त्या एका फोल्डरात जुन्या सेटअपांचे सहा जीबी निघाले.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ह्यातलं काही त्रास देत नाही. एनव्हिडिया काढून एनव्हिडियाच लावलं तर नवीन ड्रायव्हर जुन्यावर बसतो, सेटअपमध्ये 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक केली की पुरे. कंपनी बदलली तरी सरळ रस्ता सोपा आहे. जुनं कार्ड जागेवर असतानाच सेटिंग्जमधल्या ऍप्सच्या यादीतून एनव्हिडियाचं जे जे आहे ते अनइन्स्टॉल करायचं, मशीन बंद करायचं, कार्ड बदलायचं. आमच्याकडे हा रस्ता दोन्हीकडून बंद झाला होता. जुनं कार्ड मेलेलं, त्यामुळे आधी काही करताच आलं नाही. आणि फोल्डर हाताने डिलीट केल्यामुळे अनइन्स्टॉल करणारी फाइलच गेली होती. यादीत नाव दिसायचं, क्लिक केलं की एरर. वर एएमडीचा ड्रायव्हर अर्धवट. तो परत टाकायला गेलं की परत एरर.

ग्राफिक्स ड्रायव्हर हा एकूणच नाजूक मामला. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हा त्यात ड्रायव्हरची रचनाच बदलली होती. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदींचा हिशोब होता. जवळजवळ २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर, १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, ९ टक्के एटीआयच्या (जी २००६ साली एएमडीने विकत घेतली). ते दिवस गेले, दोघांचेही ड्रायव्हर आता पुष्कळ सुधारलेत. पण वर्डमध्ये काही बिघडलं तर फक्त वर्ड बंद पडतं. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला की त्याच्यासोबत बिघाड बघायची खिडकीच बंद होते.

साडेनऊला दुकानात पोचलो. मामा काऊंटरवर पासपोर्ट फोटो कापत बसला होता. "आलास? चहा घे आधी," एवढंच. मी चहा घेतला. 'माझंच चुकलं मामा' असं म्हणायचं ठरवून आलो होतो, पण गिऱ्हाईक होतं समोर.

सगळ्यात आधी मी काहीही न काढता डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केले. बशीएवढ्या आयकॉनांत, पण कॉपी होतं. चाळीस मिनिटं. मामाने पडद्याआडून दोनदा डोकावून हिरवी पट्टी कुठवर आली बघितलं. मग एक रीस्टोअर पॉइंट केला. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल चालवून गोदामात काय काय पडलंय त्याची यादी काढली. हे विंडोजचंच छोटं साधन आहे, बाहेरून आणावं लागत नाही. ओईएम आणि पुढे आकडा अशा नावांनी सगळे ड्रायव्हर दिसतात. एनव्हिडियाचे निघाले पाच. २०१९ पासून दर अपडेटला साचलेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' केलं तर तिथेही आमचं १०५० टीआय फिकट करड्या रंगात बसलेलं. कार्ड काऊंटरच्या ड्रॉवरमध्ये, पण विंडोजच्या लेखी ते फक्त बाहेर गेलंय.

आता सेफ मोड. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, सेफ मोडमध्ये चालवायचं असतं, कारण तिथे विंडोज एनव्हिडियाचा किंवा एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरत नाही, म्हणजे काढताना कुणी धरून बसलेलं नसतं. वॅगनार्ड नावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने बनवलेलं फुकट साधन आहे. मी शिफ्ट दाबून रीस्टार्ट करणार, तेवढ्यात डोक्यात काहीतरी चमकलं.

"मामा, विंडोजचा पासवर्ड काय?"

"चार आकडे आहेत ना."

"तो पिन. पासवर्ड?"

सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नसतं. मी ऐकीव माहितीवर एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची टिक लावून टाकली असती, तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठलं असतं, दर वेळी पासवर्ड मागितला असता, आणि ती टिक काढायला आत शिरणं भाग! म्हणजे मग फॉरमॅटवाल्या पोरालाच फोन करावा लागला असता. पासवर्ड २०१९ साली खातं उघडून देणाऱ्याने टाकला होता. मामाला आठवेना. वीस मिनिटं आम्ही ड्रॉवर, कॅमेऱ्याच्या बॅगा, जुनी बिलं उपसली. शेवटी मामींना फोन केला. त्यांनी घरून विचारलं, "लाल वहीत बघितलं का?" लाल वही म्हणजे ऍडव्हान्सचा हिशोब. २०१९ च्या वहीच्या शेवटच्या पानावर, एका मांडववाल्याच्या नंबरखाली, पेन्सिलीने लिहिला होता.

पुढचं भराभर झालं. आधी नेटची वायर काढली. हे विसरायचं नाही. विंडोज अपडेटला दिसलं की कार्डाला ड्रायव्हर नाही, तर ते आपणहून स्वतःकडचा आणून बसवतं. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण आपण साफसफाई करत असताना मधेच पाहुणा नको. शिफ्ट-रीस्टार्ट, ट्रबलशूट, ऍडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग चार नंबर. (पिन मागितला, चालला नाही. पासवर्ड चालला. लाल वही की जय.) डीडीयूमध्ये उजवीकडे जीपीयू निवडून खाली एनव्हिडिया. 'क्लीन अँड डू नॉट रीस्टार्ट'. ओळींमागून ओळी सरकत गेल्या, सर्व्हिसेस, रजिस्ट्री, गोदामातले पाचही. मग तेच एएमडी निवडून, अर्धवट बसलेलं काढायला. ह्या वेळी 'क्लीन अँड रीस्टार्ट'.

परत आलं तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकच ओळ, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ऍडॅप्टर. मग पेनड्राइव्हवरून एएमडीचं सेटअप. पासष्ट टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली. मामा मागे उभा होता. मी म्हटलं, "हात लावायचा नाही." मामाने हात चक्क पाठीमागे धरले. मीही धरले, खोटं कशाला बोलू. सात-आठ सेकंदांनी स्क्रीन आली, आयकॉन बारीक होऊन.

नेट जोडलं, प्रीमियर उघडलं. तिथे एक पाटी येते आणि ती बघून माणूस परत घाबरतो, म्हणून लिहून ठेवतो. प्रोजेक्ट शेवटचा क्युडावर चालवला होता, ते ह्या मशीनवर नाही. क्युडा ही एनव्हिडियाची खासगी गोष्ट. २०१० साली अडोबीने सीएस५ मध्ये कार्डाकडून एडिटिंगचं काम करून घ्यायला सुरुवात केली ती फक्त क्युडावर, बाकीच्यांसाठी ओपनसीएल पुढे आलं. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरर बदलून ओपनसीएल केला. प्रत्येक प्रोजेक्टला एकदा. चौथा उघडला तेव्हा मामा खुर्चीत बसला होता आणि माऊस त्याच्या हातात होता. मी कधी उठलो आणि तो कधी बसला, कळलं नाही.

जेवताना मामींसमोर मी शेवटी ते वाक्य बोललो. मामा भाकरी मोडत म्हणाला, "तू म्हणला उडवून टाका, मी टाकलं. पण फोन उचलायचा रे."

ह्यावर काय बोलणार. आमच्या कंपनीत कुठलाही जुना मोड्यूल काढायचा असेल तर आधी कोण कोण वापरतंय त्याची यादी, रिव्ह्यू, दोन जणांची सही, परत फिरायचा प्लॅन, आणि काढताना दोघं जण कॉलवर. तीन वर्षांपासून एक क्लीनअपचं तिकीट आमच्या बोर्डवर पडून आहे, कुणी हात लावत नाही, भीती वाटते. आणि मामाच्या पोटापाण्याच्या मशीनवर मी कॅन्टीनमधून दहा सेकंदांत सांगून मोकळा. तेच काम ऑफिसचं असतं तर मी असं बोललो असतो का? नसतोच.

संध्याकाळी मी मामाच्या वहीत सगळ्या स्टेपा मराठीत लिहून दिल्या. कार्ड चालू असताना काय करायचं, मेल्यावर काय करायचं. 'स्क्रीन काळी होईल, पाच मिनिटं हात लावू नये' ह्याला दोन रेघा. मामाने त्याखाली स्वतःच्या अक्षरात पासवर्ड लिहिला.

एक गोष्ट त्याला मुद्दाम सांगितली, ती इथेही. १०५० टीआय आणि त्याच्या पिढीतल्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नेहमीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, सिक्युरिटीचे तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. ही कार्डं गावोगावच्या स्टुडिओंत, फ्लेक्सवाल्यांकडे, सायबर कॅफेंत पडलेली आहेत. ती आज ना उद्या बदलली जाणार. तुमच्याही कुणा मामाचा फोन येईल. तेव्हा आधी विचारा, डेस्कटॉपवर काय आहे.

रविवारी रात्री पेनड्राइव्ह गेला, पैसे आले. मी पुण्यात परतलो होतो. सोमवारी सकाळी स्टँडअप चालू असताना मामाचा फोन. ह्या वेळी 'एक मिनिट' म्हणून बाहेर जाऊन उचलला.

"अरे, चित्र झकास आहे. पण आवाज येत नाही."

काल येत होता की! मग लक्षात आलं, काल आम्ही हेडफोनवर ऐकत होतो. मॉनिटरमधून येणारा आवाज एनव्हिडियाच्या ऑडिओ ड्रायव्हरमधून यायचा आणि तो डीडीयूने बाकीच्यांबरोबर नेला होता. एएमडीने स्वतःचा टाकला होता, पण विंडोजने मधल्या वेळात आवाज दुसऱ्या वाटेला वळवला होता.

"मामा, खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे. त्यावर क्लिक करा. नावांची यादी येते का?"

"आली. तीन नावं आहेत."

"त्यात मॉनिटरच्या कंपनीचं नाव आहे ते निवडा. बाकीच्या दोघांना हात लावू नका, राहू द्या तशीच."

"नक्की राहू देऊ ना? उडवू नको?"

"नका उडवू."

क्लिकचा आवाज आला. मग फोनमधूनच मला बँडचा धडाका ऐकू आला, कुणाची तरी वरात चालली होती.

"हां, आला," मामा म्हणाला. "ठेव आता, गिऱ्हाईक आहे."